उतारावरच्या सळया

कार्यालयात तिला सगळे गवतबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिथल्या भिंती पातळ होत्या आणि तिचे कान तिखट. नावाचा तिला राग नव्हता. राग होता तो नाव ठेवणाऱ्यांना गवतातलं ओ की ठो कळत नाही याचा. त्यांच्या लेखी हिरवं दिसलं की झालं. बंद पडलेल्या खाणीच्या ढिगाऱ्यावर हिरवळ आली, तिचा फोटो काढला, फोटो भिंतीवर लावला, आता आणखी काय पाहिजे?

तिचं काम नेमकं इथेच आडवं यायचं. खाण खोदताना जमिनीच्या पोटातून निघालेला दगड-मुरूम वर रचत जातात आणि त्याचे डोंगर होतात. खाण संपली की कंपनीने त्या डोंगराला नीट उतार द्यायचा, वर चांगली माती पसरायची, गवत-झुडपं लावायची आणि ती माती पावसात वाहून जात नाही हे सिद्ध करायचं. सिद्ध झालं की सरकारी दाखला मिळतो. दाखला मिळाला की कंपनी हात झटकून मोकळी. पुढे तो डोंगर जाणे आणि त्याच्या पायथ्याशी राहणारे जाणोत. कंपनीने सिद्ध केलेलं खरं की नुसतं रंगवलेलं, हे तपासायला गवतबाई. लोखंडी चौकट उतारावर टाकायची, तिच्या आत गवत किती आणि उघडी माती किती ते बघायचं, पाण्याने पाडलेल्या ओघळींत हात घालून त्यांची खोली घ्यायची, खालच्या गाळखड्ड्यात काय साचलंय ते उपसून पाहायचं. उन्हातान्हात वाकून कंबर धरायची, आणि संध्याकाळी कोणीतरी विचारायचं, आज किती गवत मोजलंत?

बाकीचे उतार तिने कधी पास केले, कधी नापास केले आणि विसरून गेली. पूर्वेकडच्या उताराने मात्र तिच्या नाकीनऊ आणले होते. दिसायला देखणा. काथ्याची जाळी अंथरलेली, जाळीतून गुडघाभर गवत वर आलेलं, वारा सुटला की लाटा उठायच्या. चौकट कुठेही टाका, उघडी माती औषधालासुद्धा सापडायची नाही. आणि तरीही पायथ्याचा गाळखड्डा दर पावसाळ्यात काठोकाठ भरायचा. हा गाळ येतो कुठून, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं आणि तिच्याशिवाय कोणाला ते नकोही होतं.

कंपनीच्या हिरवळीची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ होते. तिने मनातल्या मनात त्यांचं नाव बागवाले ठेवलं होतं. चिखलातही त्यांचे बूट चकचकीत असायचे, हे कसं जमतं हा तिच्यापुढचा दुसरा न सुटलेला प्रश्न. बागवाले म्हणाले, "मॅडम, गाळ रस्त्यावरून येतोय." तिने रस्त्याकडची मोरी बंद करून घेतली. खड्डा भरलाच. मग म्हणाले, पलीकडच्या उतारावरून येत असेल. तिने मध्ये बांध घालून घेतला. खड्डा तरीही भरला. तेव्हा त्यांनी हसून हुकमाचं पान टाकलं. "मॅडम, सळया तुमच्या, मोजपट्टी तुमची, आकडे तुमचे. आता उतार तरी आमचा राहू द्या."

त्या सळयांनीच तिला तोंडघशी पाडलं होतं. पद्धत सोपी आहे. हातभर लांबीच्या लोखंडी सळया उतारावर रांगेने ठोकायच्या, खालच्या दगड-मुरुमात घट्ट, आणि प्रत्येकीची फक्त चार बोटं वर ठेवायची. पावसाळा संपला की बघायचं. माती गेली असेल तर सळई जास्त उघडी पडते. एवढंच. यात ना कुठलं यंत्र, ना कुठली शहाणपणाची बढाई. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतः उभं राहून त्या ठोकून घेतल्या होत्या. पहिल्या वर्षी मोजल्या, चार बोटं. दुसऱ्या वर्षी मोजल्या, चार बोटं. एखाद्या उतारावर इतका एकसारखा आकडा येतच नाही. माती कुठे थोडी साचते, कुठे थोडी जाते. पण आकडा चांगला आला म्हणून तक्रार करणारी बाई कोणाला आवडते?

"अहो, मातीने हलायचं नाही असं ठरवलंय, तर तुम्ही तिला का हलवताय?" मोठे साहेब म्हणाले. ते तिचे वरिष्ठ; माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीच्या वाटेवर होता आणि त्याला वाटेत खड्डे नको होते. "शिवाय, बाई, लोक बोलतात. तुमचे वडील त्याच उताराखाली राहतात. तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. पण काळजी म्हणजे पुरावा नव्हे."

हे शेवटचं तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. पायथ्याशी खाणकामगारांच्या जुन्या घरांची एक रांग होती. बहुतेक माणसं निघून गेली होती, थोडी राहिली होती, आणि अगदी टोकाच्या, डोंगराला पाठ लावलेल्या घरात तिचे बाबा एकटे राहत होते. उताराला यंदा दाखला मिळाला, की पुढच्या पावसाळ्यांत गाळखड्डा उपसायलाही कोणी फिरकणार नव्हतं. आणि ते देखणं गवत एके दिवशी जाळीसकट सरकून खाली आलं, तर पहिलं घर बाबांचं.

घरी नवऱ्याला हे सगळं पाठ झालं होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. दिवसभर मुलांना सांगायचं की पाऊस माती वाहून नेतो, आणि रात्री जेवताना बायकोकडून तेच ऐकायचं. "आपल्या घरात माणसं दोन आणि डोंगर एक," तो म्हणायचा. "डोंगराचं पान वाढू का आधी?" ती हसायची नाही. मग तो गंभीर होऊन म्हणायचा, "अगं, बाबांना इकडे घेऊन ये. दाखला मिळो नाहीतर न मिळो."

बाबांना इकडे आणणं म्हणजे डोंगर आणण्यापेक्षा अवघड. तिने आजवर विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, नवऱ्याला मध्ये घातलं. बाबा ढिम्म. "तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर," ते म्हणायचे. "मी जन्मभर उलट दिशेला कामाला गेलो. एवढ्या वर मला झोप येत नाही."

बाबा खाणीत टेकूवाले होते. जमिनीखालच्या बोगद्यात छताला लाकडी टेकू लावायचे आणि ते सैल पडले की पाचर मारून पुन्हा घट्ट करायचे, हे त्यांचं काम. हातोडा घेऊन रोज सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि एकेक टेकू वाजवत पुढे सरकायचं. ते हो म्हणाले की मगच बाकीची माणसं आत शिरायची. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. तिच्या घरी आले की दाराच्या बिजागऱ्या, खुर्चीचे पाय, स्वयंपाकघरातली फळी, सगळं हलवून बघायचे, आणि काही डुगडुगलं की त्यांचा चेहरा खुलायचा. आई गेल्यावर तर त्यांना दुसरं करायला काही उरलं नव्हतं. रोज सकाळी उतारावर चक्कर मारायची, खाली येऊन चहा करायचा, आणि रांगेतल्या उरल्यासुरल्या शेजाऱ्यांना सांगायचं, "हा डोंगर आम्ही आतून काढला. आता माझी पोरगी बाहेरून सांभाळते."

तिसरी मोजणी आणि तिच्या पाठोपाठ दाखल्याची बैठक जवळ आली. त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती न कळवता बाबांकडे गेली. दाराला कडी होती. ती पायरीवर टेकणार, एवढ्यात वरून आवाज आला. लोखंडावर लोखंड पडल्याचा, सावकाश, एका लयीत. ती गवतातून धापा टाकत वर चढली. मधल्या रांगेपाशी बाबा गुडघ्यावर बसले होते. डाव्या हाताची चार बोटं सळईला लावून बघत होते आणि उजव्या हातात हातोडा होता.

"अगं, आज कशी काय?" बाबा म्हणाले. "बरं झालं आलीस. ही बघ, पुन्हा वर आली."

"कोण वर आली?"

"तुझी सळई. दर पावसाळ्यानंतर येतात बघ. मी बसवतो खाली. तूच म्हणाली होतीस ना, चार बोटं वर राहिली पाहिजेत म्हणून."

हो, तीच म्हणाली होती. सळया बसवल्या त्या संध्याकाळी त्याच पायरीवर बसून, चहा पिता पिता, मोठ्या उत्साहाने तिने त्यांना सगळं समजावलं होतं. चार बोटं वर ठेवायची, बाबा, अगदी बरोबर चार. पुढचं तिने सांगितलं होतं की नाही, की सांगेपर्यंत चहा संपला होता, हे आता तिला आठवेना.

"किती वर्षं करताय हे?"

"पहिल्यापासून. तू मोजायला यायच्या आधी एकदा फिरून घेतो. तुझ्या कामाला कोणी नाव ठेवायला नको."

"बाबा, किती वर आल्या होत्या त्या?"

"आता ते मी कशाला मोजू? जास्त दिसली की ठोकली."

"आठवून सांगा. बोटभर? वीतभर? कुठली रांग?"

"कुठे कमी, कुठे जास्त. तसं काय सांगणार?" बाबांना तिचा चेहरा आता कुठे दिसला. "का गं? बिघडलं काही?"

ती खाली बसली. तिचं डोकं इतकं तापलं होतं की तोंडातून नको ते शब्द फुटले. तीन वर्षं मी लोकांशी भांडतेय, ती म्हणाली. तीन वर्षं मला वेड्यात काढतायत. सळई वर आलेली मला दिसायला हवी होती, तेवढ्यासाठीच ती लावली होती. तुम्हाला हात लावायला सांगितलं होतं कोणी? दिसलं काही की ठोक, दिसलं काही की ठोक. एकदा विचारायचं तरी. बाबांनी हातोडा पाठीमागे नेला, लहान मुलाने फोडलेली वस्तू लपवावी तसा, आणि ते बघून तिला स्वतःची लाज वाटली. पण राग कमी झाला नाही. लाज आणि राग दोन्ही एकाच वेळी घेऊन ती खाली उतरली, आणि चहा न घेताच निघून गेली.

आता काय करायचं, हा प्रश्न नव्हताच. लपवलं तर चार बोटांच्या आकड्यावर दाखला मिळणार. सांगितलं तर निदान आकडे तरी बाद होतील. नवरा म्हणाला, "बाबांचं नाव कशाला घेतेस? कोणीतरी ठोकल्या म्हण." पण कोणीतरी म्हटलं की बागवाले पोलिसात जाणार, चौकशी लावणार, आणि ती चौकशी शेवटी बाबांच्या दारातच येऊन थांबणार. तिने बैठकीत उभं राहून सरळ सांगितलं. माझ्या वडिलांनी, चुकून, मला मदत म्हणून.

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणीतरी. मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. बागवाल्यांचा चेहरा मात्र सहानुभूतीने नुसता ओथंबला होता. "वडीलधारी माणसं असतात, मॅडम. त्यांचं काय चुकलं?" ते म्हणाले. "सळयांचे आकडे सोडून देऊ. हिरवळीचे आकडे आहेतच आणि ते मॅडमनी स्वतः मोजलेत. हिरवळ तर वडिलांनी ठोकून वर काढली नाही ना?" यावर तर सगळेच हसले.

तीन वर्षं घसा फोडून ती जे सांगत होती, तेच तिने पुन्हा सांगितलं. या गवताची मुळं खाली जात नाहीत, कारण खाली दगड आहे. ती जाळीखाली आडवी पसरलीयेत. जाळीच्या खालून माती निसटतेय आणि गवतासकट जाळी हळूहळू खाली बसतेय, म्हणून वरून बघणाऱ्याला उतार सपाट आणि हिरवागार दिसतो. मी जाळीखाली हात घालून बघितलाय, कोपरापर्यंत आत जातो. सगळे ऐकत होते, म्हणजे ती बोलायची थांबायची वाट बघत होते. शेवटी मोठ्या साहेबांना काय वाटलं कोण जाणे. कदाचित दया आली असेल. नव्या सळया, एकच पावसाळा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मात्र उताराला कुंपण घालायचं आणि कोणीही आत जायचं नाही. कोणीही म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. बागवाल्यांनी आठ दिवसांच्या आत काटेरी तार ओढून घेतली, आणि फाटकाची किल्ली तिच्या हातात देताना म्हणाले, "वडिलांना आमचा नमस्कार सांगा."

बाबांना तिने फोनवर सांगितलं. समोर जाऊन सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. बाबा म्हणाले, "बरं." का, किती दिवस, काही विचारलं नाही.

पावसाळा सरता सरेना. खिडकीबाहेर सर आली की तिला वाटायचं, पडू दे, आणखी जोरात पडू दे, एकदाची त्या उताराची सालटी निघू दे. आणि पुढच्याच क्षणी वाटायचं, आपण हे कोणाच्या घरावर मागतोय? ती फोन करायची. बाबा, या इकडे, चार दिवस तरी या. नको. पाऊस फार आहे. असू दे. मग हवापाण्याच्या दोन गोष्टी व्हायच्या आणि फोन ठेवला जायचा. शनिवारी ती सामान घेऊन जायची तेव्हा बाबा पायरीवर बसलेले असायचे, डोंगराकडे पाठ करून. पूर्वी ते तोंड वर करून बसायचे. तिने आणलेल्या पिशव्या घ्यायचे, आत ठेवायचे, पुन्हा येऊन बसायचे. सकाळचं फिरणं बंद झाल्यापासून त्यांचे गुडघे धरले होते, पण ते त्यांनी तिला सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. बागवाल्यांवर चिडावं, साहेबांवर चिडावं, बाबांवर चिडावं. चिडून चिडून ती थकली होती. आपल्याच वडिलांच्या डोक्यावरचा उतार घसरावा म्हणून वाट बघत बसायची वेळ कोणत्याही लेकीवर येऊ नये, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली. त्याने तेवढ्यापुरती थट्टा केली नाही.

मोजणीच्या दिवशी मोठे साहेब आले, बागवाले आले, आणखी दोन-तीन माणसं आली. तिने फाटक उघडलं. वरची रांग चार बोटं, जराशी जास्त. बागवाल्यांनी साहेबांकडे बघितलं. मग मधली रांग आली. ती खाली वाकली आणि तिला मोजपट्टी काढायचीही गरज वाटली नाही. सळया वीतभर उघड्या पडल्या होत्या, काही त्याहून जास्त. गवत जसंच्या तसं हिरवं होतं, वाऱ्यावर डुलत होतं, फक्त खाली बसलं होतं. साहेबांनी स्वतः जाळीची कड उचलून हात आत घातला, आणि बाही चिखलाने भरल्यावर बाहेर काढला.

"सळई सैल झाली असेल," बागवाले म्हणाले.

तोवर बाबा फाटकापाशी येऊन उभे होते. उघडं दिसलं तरी आत आले नव्हते. साहेबांनी वरूनच हाक मारली, "या आजोबा, या. आता काय ठोकायचं राहिलंय?" बाबा गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत वर आले. खाली बसून त्यांनी एक सळई मुठीत धरली आणि हलवून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. एकही हलली नाही.

"ही सैल नाही," ते म्हणाले. "जमीन गेलीय."

"दाखला थांबवा," साहेब बागवाल्यांना म्हणाले. "सगळा उतार नव्याने करावा लागेल. आणि ती खालची घरांची रांग आधी रिकामी करून घ्या. या आठवड्यात." ते सगळे बोलत बोलत खाली उतरले. बागवाल्यांच्या बुटांना आज पहिल्यांदा चिखल लागला होता, आणि तिला वाटलं होतं की हे बघून आपल्याला फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

बाबा अजून बसलेले होते. "फार जोर लागायचा ठोकताना," ते म्हणाले. "मला वाटायचं, खाली दगड लागलाय, म्हणून पोरीला पुरत्या बसवता आल्या नाहीत. आपण बसवाव्यात." त्यांनी खाली आपल्या घराच्या छपराकडे बघितलं. "खाणीत टेकूखालची जमीन एवढी गेली असती ना, तर मी एका माणसाला आत राहू दिलं नसतं. सगळ्यांना बाहेर काढलं असतं."

"मग इथे का राहिलात?" ती म्हणाली. तिचा आवाज नको तितका चढला होता. "जन्मभर तेच केलंत ना? लोकांना बाहेर काढलंत. तीन वर्षं रोज वर येत होतात, रोज बघत होतात. एकदाही मनात शंका आली नाही?"

बाबांना हा प्रश्नच कळला नसावा. त्यांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"शंका कशी येणार?" ते म्हणाले. "इथे तू बघत होतीस ना."